माननीय शिक्षणमंत्री, शाळांसाठी मुक्त लिनक्स निवडा आणि ते सांभाळणारी माणसंही नेमा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेची संगणक खोली गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. आमच्या दहा मशीनपैकी सात विंडोज ११ घेत नाहीत. मशीन धडधाकट आहेत, ती भंगारात काढायला माझा हात धजत नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली टाकावी हे आता बरेच शिक्षक बोलतात. माझं मागणं त्याहून थोडं पुढचं आहे. पूर्णपणे मुक्त लिनक्स निवडा, आणि ज्या जीआरने ते निवडाल त्याच जीआरने ते सांभाळणारी माणसंही नेमा.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे. सॉफ्टवेअर चालवायची, उघडून बघायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक म्हणजे मुक्त. ही मोकळीक शाळेत कशाला लागते, हे मला एका मुलीने दाखवलं. सातवीतल्या तिने निबंधात ‘कैऱ्या’ लिहिलं. पडद्यावर ‘र्’ एकीकडे आणि ‘या’ दुसरीकडे. आपलंच काही चुकलं असं वाटून तिने तीनदा पुसून लिहिलं. तो प्रोग्रॅम बंदिस्त होता, आम्हाला त्यात काहीच करता आलं नाही. पुढे मुक्त परवान्याचा लोहित फाँट वापरला आणि ऱ्या जागेवर बसला. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या माणसांनी या फाँटवर वर्षानुवर्षं काम केलं. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळा असतो, याचीही त्यात दखल आहे. आपल्या भाषेचं काम आपल्याच माणसांना करता येतं ते असं, आतला मजकूर उघडा असला तर.

आता अडचणीचं सांगतो, कारण निर्णय तिथेच फसतो. लिनक्सच्या नेहमीच्या बहुतेक तयार संचांमध्येही, म्हणजे डिस्ट्रिब्युशनमध्येही, काही तुकडे बंदिस्त असतात, विशेषतः वाय-फायचं फर्मवेअर, म्हणजे वाय-फाय कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम. तत्त्वाला धरून चालणाऱ्या डेबियन या डिस्ट्रिब्युशननेसुद्धा २०२२ साली मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. स्पेनमधल्या गॅलिशियात सुरू झालेलं ट्रिस्केल मात्र उबुंटू हे लोकप्रिय डिस्ट्रिब्युशन घेतं, त्यातलं बंदिस्त ते सगळं काढतं आणि लिनक्स-लिब्रे हा स्वच्छ केलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वापरतं. आम्ही ते बसवलं. जुनी मशीन सुरळीत चालली. नंतर पुरवठादाराने दिलेल्या तीन नव्या मशीनचं वाय-फाय मात्र मुकं राहिलं, कारण आतलं कार्ड बंद फर्मवेअरशिवाय जागंच होत नाही. शेवटी खिडकीतून केबल ओढली. बंद फर्मवेअर न मागणारी अॅथेरॉसची काही कार्डं बाजारात मिळतात. निविदेत एक ओळ असती, की मशीन लिनक्स-लिब्रेवर नेटला जोडून दाखवावं, तर हा खटाटोप टळला असता. हे खरेदीच्या आधीच बघायचं असतं, मशीन खोलीत आल्यावर शिक्षकाच्या हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट अपडेटची. आमचं इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. दहा मशीन एकाच वेळी अपडेट ओढायला लागली की दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. म्हणून एका जुन्या मशीनवर अॅप्ट-कॅशर हा प्रोग्रॅम बसवला. एकदा उतरवलेलं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, तो साठवून ठेवतो आणि बाकीची नऊ मशीन तिथूनच घेतात. हे मला जमलं, कारण मला आवड आहे आणि माझे रविवार मोकळे असतात. माझी बदली झाली की ते कोण बघणार?

डिस्ट्रिब्युशनही माणसांवरच जगतं. जीन्यूसेन्स हे पूर्ण मुक्त लिनक्स २००६ साली आलं, मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचा त्याला आधार होता. २०१६च्या चौथ्या आवृत्तीनंतर ते थांबलं. विचार चांगला होता, पण राबणारे हात कमी पडले. ट्रिस्केलमागेही मोजकीच माणसं आहेत. त्याची अकरावी आवृत्ती ज्या उबुंटू २२.०४वर उभी आहे, तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२७पर्यंतच आहेत. त्यानंतर प्रत्येक शाळेत नवी आवृत्ती कोण चढवणार, हे आजच ठरायला हवं.

केरळने हे ठरवलं. २००१ साली तिथे आयटी अॅट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ साली त्याचीच काइट ही सरकारी कंपनी झाली. ती तिथल्या शाळांसाठी उबुंटूवर स्वतःचं लिनक्स बांधते. ते काटेकोर अर्थाने पूर्ण मुक्त नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यात त्यांचे मास्टर ट्रेनर आहेत आणि पाठ्यपुस्तकंही त्याच सॉफ्टवेअरवर बेतलेली आहेत. शिक्षक अडला तर त्याला विचारायला माणूस आहे. मला हेवा वाटतो तो त्या माणसाचा.

आपल्याकडे पुण्यात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे, फाँट आणि भाषांतरावर काम केलेली माणसं आहेत. तिथे एक छोटं कायमस्वरूपी पथक नेमा. राज्याचा पॅकेज-साठा त्यांनी सांभाळावा, अपडेट आधी आपल्या शाळांतल्या मशीनवर तपासून मग सोडावेत, आणि मराठीतल्या दुरुस्त्या ट्रिस्केलकडे व उबुंटूकडे परत पाठवाव्यात, म्हणजे त्या मोजक्या माणसांनाही हात मिळेल. जिल्ह्यात एकेक शिक्षक या कामासाठी मोकळा करा. संगणक खरेदीच्या पुढच्या निविदेत वाय-फायची ती एक ओळ घाला. ओळीचा मसुदा या पत्रासोबत जोडला आहे.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक