वॉम्बॅटच्या लेंडीला रंगीत पान, रोह्याच्या लेंडीला पंचनाम्यातही जागा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले महाकाय आणि अजब प्राण्यांचे पान वाचले. चित्रे सुरेख होती, नातवाने ती कापून वहीत चिकटवलीसुद्धा. म्हणूनच दोन गोष्टी दुरुस्त करून छापाव्यात ही विनंती. उंटाच्या वशिंडात पाणी नसते, चरबी असते. मी हे निवृत्तीपर्यंत मुलांना शिकवत आलो, आणि आता आपण माझ्याच नातवाला उलटे शिकवलेत. दुसरे, निळ्या देवमाशाच्या रक्तवाहिनीतून माणूस पोहत जाईल म्हणे! टोरांटोच्या संग्रहालयात अशा देवमाशाचे खरे हृदय जपून ठेवले आहे, त्याचे वजन साधारण १८० किलो भरले. त्याच्या महाधमनीत माणसाचे जेमतेम डोके शिरेल. हे काय कमी आश्चर्य आहे, की त्यात पोहायचेही होते?

असो. ही किरकोळ बाब झाली. मला लिहायला बसवले ते त्या ऑस्ट्रेलियन वॉम्बॅटने.

वॉम्बॅटची लेंडी चौकोनी असते, ही माहिती खरी आहे. त्याच्या आतड्याची भिंत काही ठिकाणी ताठ आणि काही ठिकाणी लवचीक असल्याने ती तशी घडते, आणि हे शोधणाऱ्यांना २०१९ मध्ये इग नोबेल, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. आपण त्या लेंडीला पाव पान दिलेत, फोटोसकट. माझी तक्रार एवढीच की त्याच आठवड्यात आमच्या शिवारात एका लेंडीवरून जो वाद झाला, त्याला या जिल्ह्यात कुणी विचारले नाही.

रोही, म्हणजे नीलगाय, आपणास ठाऊक असेलच. नसेल तर संभाजीनगरच्या कार्यालयातून निघून रात्री हिंगोली-परभणीकडच्या कोणत्याही हरभऱ्यात उभे राहावे. आशियातला सर्वांत मोठा कुरंग (अँटिलोप) तो हाच. खांद्यापाशी साडेचार-पाच फूट उंची, मोठ्या नराचे वजन २०० किलोच्या पुढे. लोक त्याला गाय म्हणतात, हरीण म्हणतात. हरणाची शिंगे दरसाल गळतात, याची गळत नाहीत, आणि ती फक्त नरालाच असतात. नर निळसर करडा, मादी मातकट. आपल्या पानावर आफ्रिकेतला इलँड आला, उत्तर अमेरिकेतला मूस आला, अॅनाकोंडा तर दर वर्षी येतोच. रोह्याला मात्र कोपराही मिळाला नाही. जो रोज दिसतो तो अजब नसतो, असा आपला हिशोब असावा.

या रोह्याची एक सवय आहे. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो आणि तिथे ढीग साचतो. त्यातून नर आपली हद्द दाखवतात, असे अभ्यासक मानतात. आमच्या शेतकऱ्यांना हे कुठल्या पुस्तकातून कळलेले नाही, बांधावरून कळलेले आहे.

माझा हरभरा घाट्यात आला होता. रोह्यांचा कळप रात्री उतरला. शेंडे खाल्ले ते खाल्ले, त्याहून जास्त तुडवले. साड्यांचे कुंपण होते, बुजगावणे होते, शेजाऱ्याचे झटका मशीन होते. रोही सगळ्यांना ओळखून आहे. रीतसर अर्ज केला, पंचनाम्याला मंडळी आली. त्यातल्या एका साहेबांनी शेतात पाय न टाकता बांधावरूनच विचारले, "रोह्यानंच खाल्लं कशावरून? डुक्कर असंल." मी म्हणालो, डुकराने जमीन उकरली असती, मुसंडी मारून माती वर काढली असती. इथे माती जागच्या जागी आहे आणि वरचे शेंडे कुरतडलेले आहेत. मग त्यांना धुऱ्यावरचा लेंड्यांचा ढीग दाखवला. साहेबांनी चपलेच्या टोकाने एक लेंडी उडवली आणि म्हणाले, "सर, या तर शेळीच्या हाईत."

एवढ्या मोठ्या ढिगाची शेळी जर खरोखर आमच्या गावात असेल, तर पुढच्या रविवारी आपण तिलाच छापा.

त्यावर आणखी, जनावराचा फोटो हवा होता. माझा शेजारी तिथेच म्हणाला, "सर, रात्रीच्या दोनला रोही आल्यावर माणसानं काठी धरावं का मोबाइल?" कुणी उत्तर दिले नाही. अर्ज अजून 'प्रलंबित' आहे. रोह्याला मारावे असे मी म्हणत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. पण जे जनावर कायद्याने सरकारचे, त्याने केलेले नुकसान कुणाचे, एवढे तरी छापून यायला हरकत नव्हती.

आपल्याला महाकायच हवे असेल तर लातूरकडे मांजरेच्या काठी सापडलेल्या हत्तीच्या अश्मीभूत हाडांकडे वळा. तिकडे जायला विमान लागत नाही, एसटी चालते.

जाता जाता आणखी एक. आमच्याकडे रविवारची पुरवणी सोमवारी येते. शब्दकोड्याची उत्तरे आपण सोमवारच्या अंकात देता. म्हणजे कोडे आणि उत्तर आमच्या हाती एकदमच पडते, आणि आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ आधी उत्तरे वाचून मग कोडे सोडवतात. उत्तरे निदान बुधवारी छापावीत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. सेनगाव, जि. हिंगोली
(नाव छापू नये, अर्ज प्रलंबित आहे.)