‘या एकदा घरी’ म्हणजे नेमकं कधी?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. २००८ पासून तो पाळला जातो आणि त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर, लेख येतात. लेख चांगले असतात, पण त्यातलं मूल नेहमी तीन-चार वर्षांचंच असतं. तेच मूल पुढे पस्तिशीचं होतं, नोकरी करतं, भाड्याच्या खोलीत एकटं राहतं आणि रविवारी कुणाला फोन करावा हे त्याला सुचत नाही. कित्येकांचं तर निदानच तिशी-चाळिशीत होतं. अशा प्रौढांच्या मैत्रीबद्दल आणि रोजच्या व्यवहारातल्या सल्ल्याबद्दल थोडं लिहायचं आहे.

आधी शब्दाचं. ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ झालाय, आम्हीही तोच वापरतो, पण तो फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःतच रमलेला, याला कुणी नकोच. मित्र हवे असलेले स्वमग्न लोक भरपूर आहेत. त्यांचं अडतं ते न बोललेलं ओळखण्यापाशी. आणि आपल्याकडे न बोललेलं किती असतं! ‘या एकदा घरी’, ‘भेटू कधीतरी’, ‘बघू’, ‘कळवतो’. चहाला आधी ‘नको’ म्हणायचं आणि पुन्हा विचारलं की ‘बरं, अर्धा चालेल’. दुपारी साडेबाराला कुणी ‘जेवूनच जा’ म्हणालं तर तो आग्रह की आता उठा अशी सूचना, हे भल्याभल्यांना कळत नाही. स्वमग्न माणूस शब्द आहेत तसे घेतो. मग तो ‘या एकदा घरी’ ऐकून मंगळवारी भर दुपारी न कळवता बेल वाजवतो, नाहीतर खरं बोलावणं येईल म्हणून सहा महिने वाट बघत बसतो. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो: विचित्र आहे.

दोष एकाच बाजूचा नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दुहेरी असतो; इतरांनाही स्वमग्न माणूस तितकाच कळत नसतो. पुढे एडिंबराच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत न्यायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे इतर असलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळत गेली. म्हणजे बोलणं कुणालाच येत नाही असं नव्हे, दोन बोलींमध्ये दुभाषा नाही.

म्हणून पहिली विनंती स्वमग्न नसलेल्यांना. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, नात्यात असं कुणी असेल आणि त्याला खरंच बोलवायचं असेल तर असा निरोप पाठवा: ‘रविवारी दुपारी ३.३० ते ५. स्टेशनजवळचं उडुपी हॉटेल, आतली टेबलं. मी आणि माझा एक मित्र, आपण तिघंच. बिल आपापलं. जमणार नसेल तर शनिवारी रात्रीपर्यंत नुसतं “नाही” लिही, कारण सांगायची गरज नाही.’

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. सगळ्यात मोलाची संपण्याची वेळ, कारण येण्यापेक्षा निघणं अवघड असतं. कधी उठलं तर चालेल हे कळत नाही, मग माणूस एकतर अचानक उठून जातो नाहीतर थकून गप्प होईपर्यंत बसून राहतो. माणसं किती हे आधी ठाऊक हवं, कारण तिघांच्या तयारीने आलेल्याला आठ जण दिसले की डोकं तिथेच बंद पडतं. साडेतीन अशासाठी, की जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू झालेली नसते. मिक्सर, ताटांचा खणखणाट, रस्त्यावरचे हॉर्न, फडफडणारी ट्यूबलाइट हे सगळं अनेकांच्या कानाडोळ्यांवर एकदमच आणि सारख्याच जोराने येतं. समोरच्याचं बोलणं त्यातून वेगळं काढावं लागतं. भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची द्या, स्वयंपाकघराच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांब. तो तुमच्या डोळ्यांत बघत नसेल तर बहुधा तुमचं नीट ऐकत असतो. ‘इकडे बघ ना’ म्हणू नका.

आता स्वमग्न वाचकांसाठी. मैत्री ‘गेट-टुगेदर’मध्ये शोधू नका. तिथे गप्पा हेच काम असतं आणि तेच तुम्हाला जड जातं. हात किंवा डोळे दुसऱ्या कशात गुंतलेले असतील, नियम ठरलेले असतील आणि तीच माणसं दर आठवड्याला दिसतील अशी जागा बघा: पक्षिनिरीक्षणाचा गट, बुद्धिबळाचा क्लब, ग्रंथालयाचं वाचन मंडळ, हौशी नाटकाचं बॅकस्टेज. गडकिल्ल्यांचे ट्रेक उत्तम, कारण जमण्याची वेळ, बस, सोबत काय आणायचं हे आधी लेखी मिळतं, चालताना रांग असते, नजर पायाखाली असते आणि विषय आयता समोर उभा असतो. (बसमधल्या अंताक्षरीला मात्र इलाज नाही. पुढची सीट आणि इअरप्लग.) ढोल-ताशा पथकाचं आम्ही सरसकट ‘नको’ म्हणणार नाही. काहींना स्वतः वाजवलेला, ठरलेल्या ठेक्याचा आवाज चालतो. अंगावर येणारा चालत नाही.

वेळ किती लागतो, याचा एक अंदाज कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये दिला. अमेरिकेतल्या लोकांवरचा अभ्यास आहे, तरी आकडा डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा: ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९०, जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास भेटलात तर ५० तासांना पंचवीस आठवडे, जवळजवळ सहा महिने. चौथ्या आठवड्यात ‘माझं कुणाशी जमतच नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. तिथे न जमणं हेच सर्वसाधारण आहे.

पहिले तीन-चार आठवडे नुसतं जा, एकाला नावाने नमस्कार करा आणि निघताना ‘येतो’ म्हणा. मग त्या कामातलाच एक प्रश्न एकाच माणसाला विचारा. दोन महिन्यांनी कार्यक्रम संपल्या संपल्या ‘वीस मिनिटं चहा घेऊ या का?’ असं विचारून बघा. मेसेजचा नियम सोपा ठेवा: एक पाठवा, उत्तर नाही आलं तर चार-पाच दिवसांनी आणखी एक, मग थांबा. ‘या आठवड्यात नाही जमणार’ असं दोनदा आलं आणि दोन्ही वेळा पर्यायी दिवस सुचवलेला नसला, तर मराठीत त्याचा अर्थ ‘नको’. राग आहे असा मात्र नव्हे. समोर भेटल्यावर पूर्वीसारखाच नमस्कार करा. आवडीचा विषय निघाला की दोन मिनिटांनी स्वतःच थांबून विचारा, ‘अजून सांगू?’ ‘अच्छा... हं... हं...’ आणि हात मोबाइलकडे, ही उत्तरं ‘नाही’ची.

निदान सांगायचं की नाही, हा प्रश्न हमखास येतो. आमचं मत असं की नव्या ओळखीत नाव नको, गरज सांगा. ‘मला फोनपेक्षा मेसेज बरा पडतो.’ ‘आवाज वाढला की मी दहा मिनिटं बाहेर जाऊन येतो, काही बिनसलेलं नसतं.’ एवढं बहुतेकांना पचतं. आणि दिवसभर ‘नॉर्मल’ दिसण्याची कसरत केली की दुसरा दिवस कोरा जातो, तेव्हा एका शनिवार-रविवारात दोन भेटी घेऊ नका.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कडक आहोत. एकट्या माणसाशी झटपट मैत्री करणारे काही जण पैशासाठी करतात, आणि शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस त्यांना सोपा सापडतो. पैसे मागितले की उत्तर एकच, ‘मी उद्या सांगतो’, आणि त्या चोवीस तासांत ठरलेल्या एका माणसाला विचारा. कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका. ओटीपी सांगू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर ते पैसे जाण्यासाठीच. गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

रोजच्या सल्ल्याचंही असंच आहे. सगळे प्रश्न आईला किंवा एकाच मित्राला विचारले की तो माणूस थकतो, आणि मैत्रीच संपते. बँकेचं एकाला, ऑफिसचं दुसऱ्याला, सोसायटीचं तिसऱ्याला अशी चार-पाच नावं वहीत लिहून ठेवा आणि ‘आठवड्याला एक प्रश्न विचारला तर चालेल का?’ अशी परवानगी आधीच घ्या. प्रश्न चार ओळींत लिहा. उदाहरणार्थ:

काय झालं: शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, ‘रात्री बरेच उशिरापर्यंत जागे असता वाटतं!’
मला काय वाटलं: सहज चौकशी.
शंका: तक्रार आहे का?
काय हवंय: उद्या काय म्हणू, एक वाक्य.

अशा प्रश्नाचं उत्तर कुणीही अर्ध्या मिनिटात देऊ शकतं: ‘बहुधा आवाजाची तक्रार. म्हण, काकू, रात्री आवाज होतो का माझा? सांगा, कमी करतो.’ शेवटची ओळ गाळली की सल्ल्याऐवजी भाषण मिळतं. नातेवाइकांचे ‘जरा मिसळत जा’ आणि ‘लग्न कर, आपोआप सुधारशील’ हे त्यातलेच. पहिल्यात कृती नाही. दुसऱ्यात आणखी एका माणसाचं आयुष्य पणाला लागतं. मन फार खचलं तर तो मित्राला विचारायचा चार ओळींचा प्रश्न राहत नाही. त्यासाठी टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीतही बोलता येतं.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि प्रौढालाही यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. तपासणीला लहानपणची माहिती विचारतात, म्हणून आई, मावशी, मोठी बहीण असं तेव्हा घरात असलेलं कुणीतरी सोबत न्या. शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, त्यातले शेरे विशेषतः.

शेवटी आपल्याकडेच एक मागणं. आपल्या अंकात स्थानिक कार्यक्रमांचं सदर असतं. त्यात सुरू होण्याची वेळ छापली जाते, संपण्याची कधीच नाही. आयोजकांकडून ती मागून घ्यावी, आणि ध्वनिक्षेपक असेल की नाही हेही. त्यासाठी दीड ओळ वाढेल.

आपले,
स्वमग्न प्रौढांबरोबर काम करणारे काही समुपदेशक व विशेष शिक्षक, पुणे