गेमिंग मॉनिटर घेताय? आधी त्याच्यावर ‘ष्ट’ वाचून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की तुमच्या पेपरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या पान-पान जाहिराती सुरू होतात, माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामानाच्या भावाची बातमी एका बाजूला आणि ह्या दुसऱ्या बाजूला. त्यात हल्ली ‘गेमिंग मॉनिटर, १८० हर्ट्झ, १ मि.से.’ असं मोठ्या टायपात असतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते, मि.से. म्हणजे मिलिसेकंद), खाली त्याहून मोठ्या टायपात किंमत, आणि संपलं. पॅनल, म्हणजे आतल्या पडद्याचा प्रकार, कुठलं ते नाही, रिझोल्युशन, म्हणजे पडद्यावर ठिपके किती, ते कधी असतं कधी नसतं, मागे पोर्ट, म्हणजे वायर लावायच्या खाचा, कुठले ते तर नाहीच नाही. मग घेणारा काय बघून घेणार, तो आकडा बघूनच घेणार ना. मी पण तसाच घेतला आणि चांगली फसले, म्हणून हे पत्र.

मी डिचोलीत घरूनच डीटीपी करते. जत्रेची हँडबिलं, नाटकांच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, पंचायतीची इलेक्शन आली की पत्रकं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत डोळ्यांसमोर काना, मात्रा, वेलांटी, आणि रात्री भांडी झाली की तासभर व्हॅलोरंट, नेटवरचा नेमबाजीचा खेळ, भाच्याबरोबर. तो फोंड्याला शिकतो, तिकडून खेळतो, मी इकडून. बेचाळीस वर्षांची बाई हेडफोन लावून ‘डावीकडे बघ डावीकडे’ म्हणून ओरडते ह्याचं शेजाऱ्यांना आता काही वाटत नाही, तुम्हाला वाटलं तर वाटू दे.

तर २०२४ च्या चवथीला ऑफरमध्ये मी एक २७ इंची घेतला. वळलेला, कर्व्ह म्हणतात तो, १६५ हर्ट्झ. दुकानात दहा मॉनिटर ओळीने लावलेले आणि सगळ्यांवर तोच एक व्हिडिओ, समुद्र, पोपट, रंगांचे फवारे. पोपट सगळ्यांवर छानच दिसतो हो! त्या व्हिडिओवरून कुठला ६० हर्ट्झचा आणि कुठला १६५ चा हे कुणाच्या बापाला कळायचं नाही, कारण तो फरक कळतो माउस हलवला की, किंवा लांबलचक पान खाली-वर सरकवलं की. आणि माउस तिथे एकालाही जोडलेला नव्हता.

घरी आणला, बॉक्समधली एचडीएमआय वायर लावली, चालू झाला, मी खूश. पुढच्या चवथीला भाचा आरतीला आला तेव्हा माझ्या खुर्चीत बसला, माउस दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, ‘मावशे, हें साठाचेर चलता गो!’ म्हणजे एका चवथीपासून दुसऱ्या चवथीपर्यंत मी १६५ चे पैसे देऊन ६० वर काम करत होते. त्यात भर म्हणजे वायर मी ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे खेळाची चित्रं काढणाऱ्या कार्डाच्या, खाचेत न लावता वरच्या, मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती, म्हणजे मॉनिटर कार्डाला जोडलेलाच नव्हता. खेळ अडखळायचा तेव्हा मी नेटला शिव्या द्यायचे.

म्हणून ज्यांच्या घरी असला मॉनिटर आहे त्यांनी आज पेपर खाली ठेवल्यावर एवढं बघा. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, त्यात खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे हेच हर्ट्झ, लिहिलेला असतो. बऱ्याच जणांचा ६० निघेल, लिहून ठेवा. तिथेच बदलता येतो. बदलायला मोठा आकडा दिसतच नसेल तर वायर बघा नाहीतर पोर्ट बघा. खूपशा मॉनिटरांना १८० फक्त डिस्प्लेपोर्ट नावाच्या खाचेवरून मिळतात, एचडीएमआयवरून १४४ च, आणि हे बॉक्सवर कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात असतं.

आता त्या हर्ट्झच्या आकड्यांचं बघू. ६० ला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ ला ६.९, आणि २४० ला ४.२. हिशेब करून बघा, ६० वरून १४४ ला गेलात की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, पुढे १४४ वरून २४० ला फक्त पावणेतीन. पहिली उडी कुणालाही दिसते, माझ्या बाबांना पण दिसली, चष्मा नसताना. दुसरी भाच्याला दिसते म्हणतो तो, मला नाही दिसत, आणि दुसऱ्या उडीचे जादा पैसे द्यायचे ते कशासाठी हा विचार ज्याचा त्याने करावा. शिवाय तुमचं कार्ड सेकंदाला ७० च फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत असेल तर २४० चा मॉनिटर घेऊन खेळात काय मिळणार, व्हॅलोरंटसारखा हलका खेळ जुन्या कार्डावरही दोनशेच्या वर पळतो पण मोठे खेळ नाही पळत. फ्रेम कमीजास्त होतात तेव्हा चित्र मधेच फाटल्यासारखं दिसतं, त्याच्यावर उपाय म्हणून मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारं फ्रीसिंक, जीसिंक असं असतं, आणि एनव्हिडिया कंपनीचं कार्ड असलं की तिच्या जीसिंकवालाच महाग मॉनिटर घ्यायला पाहिजे हे जानेवारी २०१९ पासून खरं राहिलेलं नाही, साधे फ्रीसिंकवाले बहुतेक सगळे चालतात. दुकानदार अजून जुनंच सांगतात.

पण मला खरं सांगायचंय ते खेळाचं नाहीच. दिवसाचा एक तास खेळ आणि दहा तास अक्षरं, तर मॉनिटर अक्षरांसाठी घ्यायला नको का?

तो पहिला मॉनिटर फुल एचडी होता, १९२० बाय १०८०. तेवढेच ठिपके २४ इंचात बसवले तर इंचाला ९२ येतात, २७ इंचात पसरले की ८२ च राहतात. इंग्रजी वाचणाऱ्याला ते चालून जात असेल. आपलं तसं नाही, आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, त्याच्या शेजारी अनुस्वार, खाली उकार, आणि मधे ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘ह्म’ असली जोडाक्षरं, ती सगळी त्या ८२ ठिपक्यांत चेपून बसतात. पूर्ण पान स्क्रीनवर घेतलं की ‘द्ध’ आहे की ‘ध्द’ आहे ते कळायचं नाही. प्रत्येक ओळ झूम करून बघायची. एका जत्रेच्या हँडबिलात अनुस्वार राहिला तो असाच, हजार प्रती छापून झाल्या, आणि देवस्थानचे लोक तसे समजूतदार पण माझी मान खाली ती खालीच.

त्यात तो व्हीए पॅनलचा. पॅनलचे व्हीए आणि आयपीएस हे दोन प्रकार जास्त दिसतात. व्हीएचं काळं खरंच काळं असतं, उजेड-अंधाराचा फरक तीन हजारास एक असा सांगतात आणि आयपीएसचा साधारण हजारास एक, त्यामुळे रात्री लाइट बंद करून सिनेमा बघायला तो झक्कास. पण स्वस्तातल्या व्हीएवर अंधाऱ्या जागेतलं काही हललं की मागे काळा ओघळ राहतो, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा. आणि माझ्याकडे गिऱ्हाईक प्रूफ बघायला येतं ते बाजूला स्टूल ओढून बसतं, त्याला तिथून कुंकवाचा लाल वेगळाच दिसतो, मग ‘बाई हा फिका का’ म्हणून वाद. आयपीएसवर बाजूनेही रंग बहुतेक तोच दिसतो. वळलेल्या स्क्रीनवर तर चौकट सरळ आहे की वाकडी ह्यावर माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

म्हणून गेल्या दिवाळीला तो काढला आणि दुसरा घेतला, २७ इंचीच पण २५६० बाय १४४० चा, आयपीएस, सपाट, १८० हर्ट्झ. इंचाला १०९ ठिपके. वीस हजारांच्या वर गेला, पण ‘ष्ट’ लांबून ‘ष्ट’ दिसतो. ठिपके पावणेदोन पट वाढले तेवढा कार्डावर भार वाढतो, मोठे खेळ थोडे मंदावले, ते मला चालतं. ४के, म्हणजे याहूनही जास्त ठिपक्यांचा, घेतला असता तर अक्षरं आणखी कोरीव दिसली असती, त्याला झेपणारं कार्ड घ्यायला मात्र पैसे नव्हते. भाचा ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो) घे म्हणत होता, त्याचे रंग आणि वेग बघून माणूस वेडा होतो हे कबूल, पण दिवसभर माझ्या स्क्रीनवर तोच टूलबार त्याच जागी, तो डाग बनून कायमचा बसायची भीती, आणि ठिपक्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे अक्षरांच्या कडांना बारीक रंगाची झालर दिसते बऱ्याच ओएलईडींवर. नुसतं खेळणाऱ्याने जरूर घ्यावा.

त्या दिवाळीच्या खरेदीची एक गंमत. दुकानात सगळीकडे ‘जीएसटी उतरला’ असे फलक, २४ आणि २७ इंचींवर पण. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ टक्क्यांचा १८ झाला तो ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरांवर, ३२ पर्यंतच्यांना २०१९ पासूनच १८ होता. मी काउंटरवर विचारलं तर पोरगा म्हणाला, ‘मॅडम, ऑफर आहे ना, घ्या.’

आणि ते ‘१ मि.से.’ म्हणजे तर निव्वळ फसवाफसवी. एक असतं ठिपक्याला एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ, आणि दुसरं असतं एमपीआरटी, म्हणजे हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ दिसत राहतं ते, जे पाठचा दिवा भराभर उघडझाप करून मिळवतात, ते चालू केलं की उजेड कमी होतो आणि बहुतेक वेळा फ्रीसिंक बंद करावं लागतं. बॉक्सवर दोन्ही ‘१’ च. उजेड-अंधार जास्त ठळक दाखवतो असं सांगणारा एचडीआर ४०० चा स्टिकर पण सोडून द्या, त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा स्टँड वर-खाली होतो का ते बघा. माझा पहिला होत नव्हता, वर्षभर तो जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर उभा होता, साहित्याचा तेवढा तरी उपयोग.

नवीन आला त्या दिवशी बाबांनी बॉक्सवर ‘गेमिंग’ वाचलं. आमच्या गोव्यात गेमिंग म्हटलं की मांडवीतली जहाजंच डोळ्यांपुढे येतात. ‘आतां घरांतूच कॅसिनो?’ म्हणाले. मग त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याची बातमी वाचून दाखवली, की पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या स्पर्धा, वेगळे, त्यांना मान्यता. ऐकून घेतलं. पटलं असं काही तोंडाने म्हणाले नाहीत.

गोव्यातल्यांसाठी आणखी एक, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात संध्याकाळी उजेडावर बारीक किडे येतात ते मॉनिटरच्या आत शिरतात, काचेच्या मागे, आणि आरामात फिरतात. मागच्या जूनमध्ये एक असाच ‘मदिर’ ह्या शब्दावर जाऊन बसला आणि मी अनुस्वार आहे म्हणून प्रूफ पास करणार होते, तेवढ्यात अनुस्वार चालायला लागला. अशा वेळी बोटाने दाबू नका. दाबलात तर तिथेच मरतो आणि मग तो अनुस्वार वॉरंटी संपेपर्यंत तुमचा. स्क्रीन बंद करा, बाजूला टेबललॅम्प लावा, बहुतेक वेळा आपला आपण बाहेर येतो. लाइट जायचं तर सांगायलाच नको, मॉनिटर स्वतः तीस-चाळीस वॅटच्या आसपास खातो, त्याला यूपीएसवर घालायला काही कठीण नाही, आणि घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पूर्ण पांढरी, काळी, लाल स्क्रीन लावून मेलेला ठिपका आहे का ते बघा, बदलून द्यायची मुदत फार थोडी असते.

दुकानदारांना माझं मागणं छोटंच आहे. दहातला एक तरी मॉनिटर पीसीला जोडा, माउस ठेवा, आणि एक मराठी पीडीएफ उघडून ठेवा. किमतीच्या कागदावर इंच, रिझोल्युशन, पॅनल आणि कुठल्या पोर्टवर किती हर्ट्झ ह्या चार गोष्टी लिहा. आणि तुम्हाला विनंती अशी की चवथीच्या पुरवणीत जाहिरात घेताना ह्या चार गोष्टी त्यांच्याकडून मागून घ्या. किंमत लिहायला जेवढी जागा देता त्याच्या चौथाईत मावतात, मी रोज असल्या जाहिराती लावते, मला माहीत आहे.

आपली,
एक डीटीपीवाली, डिचोली

ता. क. – पत्र छापलंत तर ‘हर्ट्झ’ तेवढा सांभाळून लावा, रफार आणि जोडाक्षर एकत्र आलं की काही फॉन्टांत ते तुटतं. तुटत असेल तर सरळ ‘एचझेड’ करा, माझी हरकत नाही.