एक रंकाळा, एक पन्हाळा

कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीचा प्रश्न फार आवडला: अंटार्क्टिकासाठी करार आहे, मग तसाच आर्क्टिकसाठी का नाही? तिला सांग, आर्क्टिक म्हणजे आपला रंकाळा, मधे पाणी आणि भोवती काठ. अंटार्क्टिका म्हणजे पन्हाळा, मधे उंच जमीन. फक्त भोवती समुद्र. बाकी सगळं यातूनच निघतं.

उत्तर ध्रुवावर पायाखाली दोन-तीन मीटर वाहता बर्फ, आणि त्याखाली चार हजार मीटरहून खोल पाणी. दक्षिण ध्रुव २,८३५ मीटर उंचीवर. त्यातला बहुतेक बर्फच, पण तळाला खडक आहे. तो बर्फही वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो, म्हणून तिथली ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवतात.

पाण्याला समुद्राचा कायदा आधीच लागू आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क. पुढचा तळ आपल्याच भूखंडाचा विस्तार आहे हे मोजमापांनी दाखवलं, तर तळावरचा हक्क आणखी वाढतो. २००७ मध्ये रशियाने ध्रुवाच्या तळाशी झेंडा लावला, त्याने कायद्यात तसूभरही फरक पडला नाही. १९९६ची आर्क्टिक परिषद आठ देशांची. इनुइट, सामी अशा मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांनाही तिथे कायमची जागा आहे, आणि ती हवीच. लष्करी विषय मात्र परिषद घेत नाही.

जमीन म्हटली की बांधाचं भांडण आलंच. अंटार्क्टिकावर सात देशांचे दावे, त्यात ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिनाचे एकमेकांवर चढलेले. १ डिसेंबर १९५९ला १२ देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. चौथ्या कलमाने दावे मान्यही केले नाहीत, फेटाळलेही नाहीत; चक्क 'जैसे थे'. नव्याने सामील होणाऱ्याला निर्णयात मत हवं असेल, तर तिथे भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. भारताला तो दर्जा १९८३ मध्ये मिळाला.

"२०४८ला करार संपणार, मग खाणी सुरू" असं क्लासच्या नोट्समध्ये सर्रास असतं. ते साफ चूक आहे, तिच्या वहीत असेल तर आजच खोडायला लाव. या कराराला जोडलेल्या १९९१च्या माद्रिद पुरवणी कराराने खाणकाम बंद केलं, आणि त्या बंदीला मुदतच नाही. पुरवणी करार १९९८ला अमलात आला. त्यानंतर ५० वर्षांनी मतदानाचा हक्क असलेला कोणताही देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढंच. बंदी उठवायची तर आधी खाणकामाची बंधनकारक नियमावली लागू असावी लागते.

त्याच पुरवणी कराराने १ एप्रिल १९९४पर्यंत स्लेजचे सगळे कुत्रे अंटार्क्टिकातून बाहेर काढायला लावले; त्यांचे रोग सीलना लागतील ही भीती होती. ग्रीनलंडमध्ये माणसांची वस्ती आहे, तिथे कुत्रे आजही स्लेज ओढतात.

आर्क्टिकमधलं आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. तिथे उतरायला व्हिसा लागत नाही. पण विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीमार्गे, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) घ्यावाच लागतो, तोही दोनदा प्रवेशाचा, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. एकदाचा घेतला तर परतताना अडकायला होतं.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
विलास