सिग्नलची काच कोण पुसणार?

मा. संपादक यांना सप्रेम नमस्कार,

कालच्या अंकातली अमेरिकेतल्या सिग्नलवर बर्फ साचतो ती बातमी वाचली आणि तिच्याखालची चौकटही वाचली. बातमी चांगली होती, पण चौकटीतलं शेवटचं वाक्य, की मुंबईकरांना या प्रकाराची काही काळजी नाही, ते वाचून डोकंच फिरलं. दिवसभर पोळ्या लाटताना तेच मनात घोळत होतं, म्हणून आज दुपारी ओटा आवरला आणि लिहायला बसले. मला आहे काळजी. माझ्या उजव्या मनगटात अजून दोन स्क्रू आहेत.

आधी एक दुरुस्ती. थंडीमुळे एलईडी सिग्नल बंद पडतात असं तुम्ही मथळ्यात दिलंय. बंद नाही पडत हो. दिवा चालूच असतो, बर्फाच्या खाली. उलट एलईडीला थंडी मानवते, त्याला त्रास होतो तो उकाड्याचा. भानगड अशी आहे की सिग्नलमधला जुना तारेचा बल्ब दीडशे वॅटपर्यंत वीज खायचा आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती उष्णतेत जायची, त्या उष्णतेने काच तापायची आणि वर पडलेला बर्फ वितळून जायचा. कोणी मुद्दाम केलेली सोय नव्हती ती, आपोआप व्हायचं. एलईडी दहा-पंधरा वॅटमध्ये तेवढंच काम करतो आणि त्याची जी काय थोडीफार ऊब असते ती मागच्या बाजूला जाते, पुढच्या काचेला काही लागत नाही. मग वाऱ्याबरोबर आलेला ओला बर्फ एकदा चिकटला की चिकटला. 2009 च्या एप्रिलमधला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला अपघात तुम्ही दिलाय, पण दोन ओळींत उरकलाय. त्यात गेलेल्या बाईचा सिग्नल हिरवा होता, ती नियमाने वळत होती, आणि समोरून येणाऱ्याचा सिग्नल बर्फाने झाकलेला होता म्हणून तो थांबला नाही. म्हणजे ज्याला दिसलं नाही तो वाचला आणि जिला नीट दिसत होतं ती गेली. हे वाचून मी दोन मिनिटं हातातलं लाटणं खाली ठेवलं होतं.

आता आपल्याकडचं सांगते. माझे वडील वायरमन होते, सिग्नलच्या दुरुस्तीचं काम करायचे. हातगाडीवर लांब लाकडी शिडी, खांद्याला पिशवी, पिशवीत बल्ब, पकड, टेस्टर आणि एक जुन्या धोतराचं फडकं. बल्ब सारखे उडायचे, आज या नाक्यावर तर उद्या त्या, त्यामुळे प्रत्येक खांबावर वर्षातून तीन-चारदा तरी त्यांचं चढणं व्हायचंच. आणि वर गेले की बल्ब बदलायच्या आधी फडकं ओलं करून तिन्ही काचा पुसायचे, उडालेली एकच असली तरी तिन्ही. शाळेला सुट्टी असली की मी शिडी धरायला जायची. फडकं वरून खाली टाकायचे ते काळंकुट्ट झालेलं असायचं आणि मी बादलीत पिळायची, पाणी शाईसारखं निघायचं. मी विचारलं होतं की एकच गेलाय तर तिन्ही कशाला पुसता, तर म्हणाले, वर आलोच आहे तर हात मारून जातो, परत कोण येणार.

एलईडी आले आणि शिडी गेली. दिवा वर्षानुवर्षं टिकतो, वीज वाचते, चांगलंच आहे, मी एलईडीच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या दुकानात पण तेच दिवे आहेत. पण जो उडतच नाही त्याच्यासाठी वर कोण चढणार? आणि कोणी चढत नाही तर काच कोण पुसणार? अमेरिकेत एलईडीमुळे ऊब गेली, इथे एलईडीमुळे फडकं गेलं. तुमच्या चौकट लिहिणाऱ्याला हे कळायला हवं होतं, निदान खिडकीतून बाहेर तरी बघायचं.

आपला पाऊस ऑक्टोबरमध्ये संपतो तो थेट जूनला येतो. मधले आठ महिने सिग्नलच्या काचेवर पाण्याचा थेंब नाही. त्यात हिवाळ्यात समुद्रावरचा वारा मंदावतो, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि खालची धूळ-धूर खालीच राहतो, सकाळी सातला गॅलरीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही अशी परिस्थिती असते. आमच्या मुलुंडमध्ये ज्या गल्लीत बघाल तिथे जुनी सोसायटी पाडून टॉवर चाललाय. रात्री स्कूटर पुसून ठेवली तर सकाळी सीटवर बोटाने नाव लिहिता येतं. मग सिग्नलच्या काचेवर किती बसत असेल? हवेचा विषय एवढा वाढला होता की 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, त्याच सुमारास बांधकामांना पत्रे लावायला लागले, हिरवी कापडं आली, टँकरने रस्ते धुतले गेले. रस्ते धुतले, दुभाजक धुतले, झाडांवर पाणी मारलं. त्याच रस्त्यावरचा सिग्नल तेवढा कोणाच्या लक्षात आला नाही.

धूळ काय रात्रीची फारशी जाणवत नाही, दिवा मिणमिणता दिसतो पण दिसतो. खरा घात सकाळचा. गेल्या वर्षीच्या जानेवारीची गोष्ट. मी पोळीभाजी केंद्र चालवते आणि सकाळचे डबे स्वतः स्कूटरवर पोचवते. सव्वाआठला स्टेशनच्या बाजूने पश्चिमेकडे निघाले होते, म्हणजे सूर्य पाठीमागे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो म्हणजे सव्वाआठला तो चांगलाच खाली असतो, आणि असा तिरका खालून येणारा उजेड सिग्नलच्या दिव्यावर पुढे आलेल्या टोपीखालून थेट काचेवर पडतो. मे महिन्यात त्याच वेळेला सूर्य इतका वर आलेला असतो की टोपीची सावली काचेवर पडते आणि दिवा दिसतो. ती टोपी वरच्या उन्हासाठी असते, समोरून आडव्या येणाऱ्या उन्हाला ती काय करणार. स्वच्छ काच असती तर निभावलं असतं, पण धुळीच्या थरावर ऊन पडलं की तो थरच चमकायला लागतो, तिन्ही गोळे सारखे, दुधात हळद टाकल्यासारखे. लाल कुठला, हिरवा कुठला, काही कळेना. खरं म्हणजे मी थांबायला पाहिजे होतं, ते मी कबूल करते, पण मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसला होता, शेजारची बाईक सुटली आणि मी पण सुटले.

समोर शाळेचा मुलगा. सात-आठ वर्षांचा, गळ्यात निळी वॉटरबॅग, एका हाताने वर ओढलेला मोजा धरून लंगडी घातल्यासारखा चालत होता. त्याचा सिग्नल हिरवा होता, त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, का बघेल? मी हँडल वळवलं, दोन्ही ब्रेक दाबले आणि आडवी झाले. त्याला काही लागलं नाही, देवाची कृपा. डबे फुटले, मटकीची उसळ रस्ताभर, आणि मनगटातून कट्कन आवाज आला तो मला माझ्या कानाने ऐकू आला. तो मुलगा परत मागे आला आणि एक पोळी उचलून माझ्यासमोर धरली, म्हणाला काकी तुमची पोळी पडली. आजही ते आठवलं की हात थरथरतो. एक फूट. फक्त एक फुटाचं अंतर होतं.

प्लास्टर घातलं, नंतर ऑपरेशन, दोन महिने केंद्र बंद, ज्या दोन बायका माझ्याकडे कामाला आहेत त्यांचे पगार मी सोनं ठेवून दिले. आणि तिसऱ्या आठवड्यात मोबाइलवर चलान आलं, सिग्नल तोडल्याचं, फोटोसकट. फोटोत माझी स्कूटर स्पष्ट, नंबर स्पष्ट आणि कोपऱ्यात तोच सिग्नल पांढराफटक. कॅमेऱ्याला पण दिसत नव्हता! मी पैसे भरले, चूक होती तर भरायलाच पाहिजेत, पण तो फोटो प्रिंट करून, प्लास्टरच्या हाताने, ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे गेले. पहिल्या टेबलावर म्हणाले सिग्नल चालू आहे ना, मग तक्रार कसली. दुसऱ्या टेबलावर म्हणाले बंद असेल तर लिहून घेतो, धुळीसाठी रकानाच नाही. रकाना नाही! मी म्हटलं मग नवीन रकाना काढा, तर साहेब जेवायला गेलेत. तीन वेळा गेले, रिक्षाचे पैसे घालून. शेवटी आमच्या शेजारच्या मुलाने एका रविवारी लांब बांबूला फडकं बांधून खालची एक काच पुसली, आणि त्यालाच एकाने हटकलं की हे काय चाललंय. वरच्या दोन तशाच राहिल्या. लाल सगळ्यात वर असतो. नेमका तोच पोचला नाही.

अमेरिकेतली माणसं काय करतात ते तुम्ही दिलंय, बर्फ झाडायला माणूस पाठवतात, हवेच्या झोताने उडवतात, बर्फ टिकू नये म्हणून टोपीचा आकार बदलतात, काही ठिकाणी काच गरम करायची तार बसवतात. शिवाय तिकडे बऱ्याच राज्यांत नियम आहे की सिग्नल दिसत नसेल तर सगळ्यांनी थांबायचं आणि एकेकाने जायचं. आपल्याकडे सिग्नल बंद दिसला की आधी कोण घुसतो याची शर्यत लागते, हे सांगायला नको. आणि आपल्याला तार नको, मशीन नको. दिवाळी झाली की एकदा, संक्रांतीला एकदा, होळीला एकदा, एवढं पुसलं तरी हिवाळा निघतो. एक शिडी, एक बादली, दोन माणसं. पूर्व-पश्चिम रस्त्यांवरचे सिग्नल आधी घ्या, कारण ऊन तिथेच सरळ काचेवर येतं.

आणि हो, पुसायला कोणी वर चढलंच तर खांबाला बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स पण उतरवून आणा. आमच्या नाक्यावर एका भाऊंचा चेहरा पादचाऱ्यांच्या दिव्यावर अर्धा आलाय, वाढदिवस होऊन महिना झाला. म्हातारी माणसं त्या चेहऱ्याच्या कडेने वाकून बघतात की चालायचं का थांबायचं.

आपल्या वार्ताहराला एक दिवस सकाळी सव्वाआठला पाठवा, मी नाका दाखवते, चहा पण पाजते. फोटो काढा आणि तो अमेरिकेच्या फोटोइतकाच मोठा छापा. आणखी एक, मागच्या वर्षी मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं त्यातलं फक्त पडल्याचं आणि हाताचं तुम्ही छापलंत, शिडीचं आणि काच पुसायचं सगळं कापलंत, लोकांनी मला येऊन हाताची चौकशी केली आणि काच तशीच राहिली. या वेळी जागा कमी पडली तर माझ्या हाताचं कापा. शिडीचं राहू द्या.

आपली,
पोळीभाजी केंद्र चालवणारी एक वाचक, मुलुंड पश्चिम