लाल फोन नव्हे, टेलिप्रिंटर

संपादक महोदय,

शहरातल्या शाळांच्या प्रदर्शनांत शीतयुद्धाच्या तक्त्यावर वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन (अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या नेत्यांमधला थेट संपर्क) म्हणून अजूनही लाल टेलिफोन दिसतो. हे आम्हाला फार खटकते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध दारात उभे होते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पोहोचून हाती पडायला जवळपास १२ तास लागले आणि उत्तर तयार होण्याआधीच दुसरे, अधिक कडक पत्र येऊन थडकले.

म्हणून २० जून १९६३ च्या अमेरिका-सोव्हिएत करारात थेट संपर्क ठरला, पण फोनचा नव्हे, टेलिप्रिंटरचा, म्हणजे टंकलेला मजकूर दूरवर छापणाऱ्या यंत्राचा. बोलण्यात घाईचा अनुवाद गोंधळ घालतो. लिखित मजकूर पुन्हा वाचता येतो, विचाराला वेळ मिळतो. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचे, अनुवाद घेणाऱ्याने करायचा. केबल लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे जाई. ती तुटलीच (फिनलंडमध्ये एकदा नांगराने तोडलीही!), तर मोरोक्कोतील टँजियरमार्गे रेडिओ होता. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात ही यंत्रे खऱ्या अर्थाने कामी आली.

पुढच्या प्रदर्शनात शिक्षकांनी तो फोन काढून टेलिप्रिंटरचे चित्र लावावे, शेजारी केबलच्या मार्गाचा नकाशाही द्यावा.

– इतिहासाचे काही शिक्षक, धरमपेठ, नागपूर