काका, त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हतात

काका, नमस्कार.

रविवारी गणपतीच्या बॅडमिंटन स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तरी घरी येताना रिक्षात मी एकटीच हसत होते. त्याला कारण तुम्ही, आणि ते तोंडावर सांगायचं राहून गेलं. चारचौघांत लिहितेय, कारण त्या चौघांतल्या काहींनी हे वाचायलाच हवं.

तुमच्या हॉलवर येण्याआधी मी दुसरीकडे खेळत होते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथलं सगळं मात्र मी कधी सांगितलं नाही. लहानपणी वाड्यात फूल-रॅकेट खेळलेली बाई मी. कपडे वाळत घालायची दोरी हीच जाळी, आणि फूल खाली पडू द्यायचं नाही हा एकच नियम. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी डोळे वटारले, तेव्हा बूट घेतले आणि गेले. तिथे नियम सांगितले कोणीच नाहीत, चुकल्यावर ऐकवले मात्र सगळ्यांनी. दुहेरीत बाजूची पट्टी आत धरतात, एवढं कळलं तोवर सर्व्हिस लांब गेल्याची ओरड झाली. सर्व्हिसपुरती मागची शेवटची ७६ सेंटिमीटर बाद, पण रॅली सुरू झाली की तीच जागा पुन्हा आत! हे मला तिसऱ्या आठवड्यात समजलं, तेही ‘ताई, कितव्यांदा?’ हे ऐकून. आणि चुकीच्या बाजूला उभं राहून पॉइंट जिंकलाच, तर तो काढून घ्यायचे. ‘नियम आहे ताई.’ मी मुकाट्याने द्यायची. एका संध्याकाळी तीनदा दिला, आणि मग जाणंच सोडलं.

बॅडमिंटनला आधी ‘पूना’ म्हणायचे, आणि १८७० च्या दशकात इथल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बसवले, हे तुम्हीच चहा पिताना सांगितलं होतंत. पुण्यात बसवलेला नियम एका पुणेकराने दुसऱ्याला न खेकसता समजावून सांगावा, हा योग यायला मात्र बरीच वर्षं लागली म्हणायची.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी माझ्याबरोबर खेळायला कोणी तयार नव्हतं. तुम्ही गुडघ्यावरचा निळा पट्टा वर ओढलात, गळ्यातला पंचा खुर्चीवर टाकलात आणि म्हणालात, “चला, ही माझी पार्टनर.” सम-विषमचं गणित मला तुमच्याकडून दोन मिनिटांत कळलं. आपले गुण सम असले तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असले तर डावीकडून. आपल्याच सर्व्हिसवर पॉइंट मिळाला तर आपण दोघांनी बाजू बदलायची. त्यांची सर्व्हिस मोडली तर जागचं हलायचं नाही, आकडा ज्याच्या बाजूचा त्याने सर्व्हिस करायची. बस. याच गोष्टीपायी मी दोन महिने पाणउतारा करून घेतला होता.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिसरा की चौथा दिवस असेल. आपले १३, त्यांचे ११, सर्व्हिस माझी. मी उजवीकडून केली, पॉइंट आपल्याला मिळाला, आणि पलीकडून ओरड झाली, “तेरा होते, डावीकडून हवी होती!” माझे कान तापले. मी फूल उचलून जाळीखालून त्यांच्याकडे सरकवायला वाकलेही होते. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. “चूक माझी आहे. मीच यांच्या जागेवर उभा राहिलो, त्या कुठे जातील?” मग त्यांच्याकडे बघत, आवाज जराही न चढवता, “बाजू चुकली तर ती दुरुस्त करायची, झालेला पॉइंट तसाच राहतो.” आणि मला हळूच म्हणालात, “ताई, आहात तिथेच राहा. चौदा झाले, सम.”

आहात तिथेच राहा. काका, हे वाक्य मी त्या रात्री भाकऱ्या थापताना किती वेळा मनात म्हटलं असेल!

तुम्ही चुकला नव्हतात, हे मला पुढे कधीतरी लक्षात आलं. पंधरा गुणांचा गेम होता, सर्व्हिस असेल त्यालाच पॉइंट मिळायचा, तेव्हापासून तुम्ही खेळताय. २००६ साली एकवीसचा हिशेब आला, तोही तुम्ही सहज पचवलात. असा माणूस तेराला कुठे उभं राहायचं ते विसरेल? खेळणारे खूप असतात, स्मॅश मारणारे तर पैशाला पासरी. दुसऱ्याची चूक आपल्या खांद्यावर घेऊन वर त्याला ती घेतल्याचं कळूही न देणारे किती भेटतात?

तर रविवारची गोष्ट. समोर जुन्या ग्रुपमधलीच जोडी. माझ्याबरोबर नवीन मुलगी, महिनाच झालाय तिला. आमचे २१, त्यांचे २०, आणि समोरून आवाज आला, “सर्व्हिस चुकीच्या बाजूने झाली, पॉइंट परत द्या.” अंपायर म्हणून उभं केलेलं पोरगं गोंधळलं. मी म्हटलं, “बाजू दुरुस्त करून घेऊ. पॉइंट राहील.” त्याने मोबाइलमध्ये पाहिलं आणि मान डोलावली. “पण चुकलं कोण?” असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, मी.

पुढचे तिन्ही पॉइंट त्यांनी घेतले, शेवटचं फूल मी जाळीत घातलं, ते सोडा.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तुम्ही मुलीकडे आहात, एवढं वॉचमनकडून कळलं. पंचा खुर्चीवरच राहिला होता. धुऊन, घडी घालून माझ्या किटबॅगेत ठेवलाय. घाई नाही, पण न्यायला तुम्हीच या, कोणाला पाठवू नका.

तुमची पार्टनर